क्लॅरीचा बोल्ट

क्लॅरी डन्स्टनच्या रायफलीला सगळं होतं, फक्त स्वतःचा बोल्ट नव्हता.

लिथगोच्या कारखान्यातली जुनी थ्री-नॉट-थ्री ती. युद्ध संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या ढिगातून क्लॅरीच्या वडिलांनी उचलून आणलेली. नळीवर जो नंबर, तोच पुढच्या टोपणावर, तोच लाकडावर. पण काडतूस आत ढकलणारा जो लोखंडी दांडा, म्हणजे बोल्ट, त्याच्या मुठीमागे भलताच नंबर. याला जबाबदार खुद्द वडीलच. गावच्या नेमबाजी क्लबात सफाईच्या दिवशी त्यांनी सगळ्यांचे बोल्ट काढून रॉकेलच्या एकाच पिंपात टाकले आणि बिअर प्यायला बसले. बिअर संपल्यावर ज्याच्या हाताला जो बोल्ट लागला, तो त्याने आपल्या रायफलीत घातला. बार उडत होते, ससे मरत होते, मग कोणाला काय पडलं होतं!

संग्राहकांचं मात्र तसं नसतं. त्यांच्या लेखी नंबर न जुळणारी रायफल म्हणजे दुसऱ्याची कवळी घालून बोहल्यावर चढलेला नवरदेव. क्लॅरीच्या जिवाला ते फार लागायचं. म्हणून तो आणि नेव्हिल क्वेल वर्षानुवर्षं जुन्या बंदुकांच्या दर विक्री-प्रदर्शनाला क्लॅरीच्या खटारा गाडीतून जायचे आणि प्रत्येक टेबलावरचे गंजक्या बोल्टांचे डबे उपसायचे.

नेव्हिल निवृत्त बसचालक. त्याला स्वतःच्या लग्नाची तारीख आठवायला बायकोकडे बघावं लागायचं, पण क्लॅरीचा नंबर झोपेतही पाठ होता. त्यामुळे कूटामुंड्राच्या प्रदर्शनात बिस्किटांच्या एका डब्याच्या अगदी तळाशी त्याला तो नंबर दिसला, तेव्हा खात्री करायला चष्मासुद्धा पुसावा लागला नाही.

क्लॅरी तेव्हा हॉलच्या दुसऱ्या टोकाला एका टेबलवाल्याशी रायफलीच्या लाकडावरून हुज्जत घालत होता.

"हे मेपल? अरे, वास घे जरा! कोचवुड आहे हे. मेपल विकायला बसलायस आणि नाक घरी ठेवून आलास?"

नेव्हिलने त्याला हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण क्लॅरीने आपल्या मुलीला, लिनेटला, शब्द दिला होता. ती पर्थला राहायची, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. बाप एकटा राहतो म्हणून दर रविवारी फोनवर त्याच्या मागे लागायची. तिला टाळायला क्लॅरी एकदा म्हणून गेला होता, "बोल्ट सापडला की सगळं विकतो आणि येतो तुझ्याकडे." डन्स्टन मंडळींत दिलेला शब्द मोडत नसत, आणि लिनेटने तर त्याच्यासाठी खोलीही रंगवून ठेवली होती.

नेव्हिलने गुपचूप पैसे दिले आणि बोल्ट खिशात टाकला.

त्यानंतर त्याने जे नाटक केलं, त्याला तोड नव्हती. प्रत्येक प्रदर्शनात तो कोपरापर्यंत डब्यात हात घालायचा, नंबर मोठ्याने वाचायचा, हळहळायचा. बोल्ट मात्र त्याच्या घरच्या कपाटात कुलूपबंद. फक्त बायकोला, बेरिलला, ते ठाऊक होतं.

"लाज वाटते का काही?" ती म्हणायची. "तो माणूस तुला आपल्या थर्मॉसमधला चहा पाजतो."

"म्हणूनच तर," नेव्हिल म्हणायचा. "पर्थहून कोण पाजणार?"

"मग तसं सांग ना त्याला. जाऊ नकोस म्हण."

"असं काय बोलतात होय पुरुषमाणसं?"

"नाही. पुरुषमाणसं बोल्ट चोरतात," बेरिल म्हणाली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

टेमोराच्या प्रदर्शनाला जाताना क्लॅरी म्हणाला, "मरायच्या आधी एकदा तो बोल्ट जागेवर बसलेला बघायचाय, नेव्ह. आता ऐंशी झाली माझी."

हे कधीतरी होणारच, हे नेव्हिल मनातून जाणून होता, आणि बेरिलच्या टोमण्यांना कंटाळून त्या दिवशी त्याने बोल्ट सोबत आणलाही होता. हातात द्यायची हिंमत नव्हती, म्हणून त्याने वेगळीच युक्ती काढली. क्लॅरी दारावर सभासद-कार्ड दाखवत होता, तेवढ्यात हा पुढे गेला, एका जाड्या टेबलवाल्याचा डबा गाठला आणि बोल्ट सगळ्यांच्या वर, नंबर दिसेल असा ठेवला. म्हाताऱ्याला स्वतःला सापडू दे, आनंद तरी पुरता होईल. मग तो शेजारच्या टेबलावरच्या संगिनी बघत असल्यासारखा उभा राहिला. छाती अशी धडधडत होती, की वाटलं आता संगिनीही खडखडतील.

क्लॅरी आला. बोल्ट उचलला. मूठ उजेडाकडे वळवली, अंगठ्याने पुसली आणि नंबर वाचला. मग त्याने हळूच इकडेतिकडे पाहिलं, बोल्ट डब्याच्या पार तळाशी दाबला आणि वर दुसऱ्या बोल्टांचा ढीग सारला.

"नाही रे, आपला नाही," नेव्हिलजवळ येत तो म्हणाला. "सगळं भंगार. चल, सॉसेज खाऊ. पुढच्या खेपेला गुंडगाईच्या प्रदर्शनात बघू."

नेव्हिलला आधी वाटलं, म्हाताऱ्याची नजर गेली. पण क्लॅरीचे कान लाल झाले होते, आणि खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात हे अख्ख्या क्लबाला माहीत होतं.

"क्लॅरी, तुझाच आहे तो!"

"तुला काय माहीत? तू तर संगिनी बघत होतास."

"मीच ठेवलाय तिथे!"

"तू?" क्लॅरी गरजला. "तुझ्याकडे कुठून आला?"

"कूटामुंड्राला मिळाला. बिस्किटांच्या डब्यात." नेव्हिलने मान खाली घातली. "अगदी तळाशी होता."

क्लॅरीचं तोंड उघडं पडलं. "तळाशीच असणार, गाढवा! मीच दाबला होता तिथे! आणि नंतर परत जाऊन बघतो तर गायब. कोणीतरी नेला म्हणून मला रात्र-रात्र झोप नाही, आणि तो तुझ्याकडे?"

मग क्लॅरीला हसू फुटलं, पाठोपाठ नेव्हिलला. आसपासची मंडळी वळून बघू लागली.

"घ्यायचाय का?" जाड्याने डबा पुढे सरकवत विचारलं. "माझ्या डब्यातला आहे तो."

"अहो, मीच मघाशी ठेवला!" नेव्हिल म्हणाला.

"माझ्या डब्यात ठेवून जाणारा माणूस अजून पाहिला नाही मी," जाडा म्हणाला. तेव्हा नेव्हिलने एकाच बोल्टाचे दुसऱ्यांदा पैसे मोजले. क्लॅरीने त्याला थांबवलं नाही. तेवढा दंड त्याला रास्तच वाटला असावा.

बाहेर सॉसेजच्या रांगेत उभं राहून क्लॅरीने फोन काढला. बोल्ट त्याच्या दुसऱ्या हातात होता, घट्ट धरलेला. आता म्हातारा थाप मारणार, अशी नेव्हिलची खात्री होती.

"लिनेट? हं, बाबा बोलतोय. अगं, सापडला बोल्ट." तो क्षणभर ऐकत राहिला. "हो, शब्द दिला होता. आठवतंय मला. तो मोडतोय, तेच सांगायला फोन केला. नाही, बाळा, येत नाही मी. खोली छानच असणार गं." मग त्याने नेव्हिलकडे पाठ केली, पण त्याला कमी ऐकू यायचं, त्यामुळे हळू बोलणं जमतच नव्हतं. "का म्हणजे काय? इथे नेव्ह आहे ना."

रांग पुढे सरकली होती. मागच्याने नेव्हिलला हलकेच ढकललं, पण त्याला नीट दिसत नव्हतं. चष्मा काढून तो बराच वेळ सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिला.