दाऊद नक्काशांचा नकाशा

पोलीस ॲक्शन होऊन महिना झाला असेल. शहागंजात घरोघर झडत्या चालल्या होत्या. युसूफच्या घरात हत्यार सापडलं नाही, सापडला तो त्याच्या आजोबांचा नकाशा. जुनं मांजरपाट, त्यावर गेरूची वाट, निळीनं रंगवलेल्या विहिरी आणि उर्दू अक्षरं.

"रझाकारांचा नकाशा दिसतोय," अधिकारी म्हणाला आणि नकाशासकट युसूफला घेऊन गेला.

"साहेब, हा हजचा रस्ता आहे," नजमुन्निसा दारातून सांगत राहिली. नवऱ्यासाठी तिचा जीव तुटत होता, पण ऐकतंय कोण?

युसूफचे आजोबा दाऊद नक्काश तरुणपणी काफिल्याबरोबर सुरतेपर्यंत पायी गेले, तिथून जहाजानं मक्केला. परतल्यावर मागून जाणाऱ्यांसाठी त्यांनी एकेक मुक्काम रंगवला. दर ईदला नकाशा उन्हात घालायचं काम नजमुन्निसाकडे असे, त्यामुळे वाट तिला तोंडपाठ होती. पिशोरच्या विहिरीपाशी लिहिलं होतं, 'इथल्या पाटलांनी तापात सांभाळलं.'

घरच्यांनी अडवलं तरी ती पिशोरला निघाली.

त्या पाटलांचे नातू तात्यासाहेब ओसरीवर बसले होते. बुरख्यातली बाई बघून गाव गोळा झालं. गावानं रझाकारांचा जाच सोसला होता, तात्यासाहेबांचा पुतण्या त्यातच गेला होता. तिचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं.

"आज्जा सांगायचा," ते म्हणाले, "एक चितारी तापानं लई फणफणला व्हता, आमच्या गोठ्यात पडून व्हता. मला ते खोटंच वाटायचं." त्यांनी पागोटं उचललं. "चल लेकी."

अधिकाऱ्यापुढं त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. "ही आमची विहीर. ह्यो कडुलिंब बी आमचाच. माझा पुतण्या रझाकारांनी मारला, साहेब. मी कशाला त्यांची बाजू घेऊ?"

युसूफ सुटला. नकाशा मात्र तिथंच राहिला. नजमुन्निसानं खेटे घातले, पण पुढं कचेरी हलली आणि तो कुठं गेला हे सांगणारंही कुणी उरलं नाही.

कोठडीतल्या मारानं युसूफचा उजवा हात अधू झाला होता. एका दुपारी त्यानं नवं मांजरपाट आणून तिच्यापुढं अंथरलं.

"मला कुठं काढता येतं?" ती म्हणाली.

"वाट तर ठाऊक आहे ना?"

तिनं कुंचला गेरूत बुडवला. रेघ वाकडी गेली, रंग ओघळला, तरी खुलताबादचा मुक्काम आला. तिथं जरा थांबून तिनं डोळे पुसले आणि पिशोरची विहीर काढायला घेतली.