पाटलाच्या फेट्याखालचं गजकर्ण

पुसेगावच्या शिवारात उन्हाळ्याचं पाणी एकाच तळ्यात टिकायचं, आन त्या तळ्याच्या मेंढरांच्या उताराला उकंडराव पाटलानं बाभळीचे काटे लावले. काहून, तर भुजंग धनगरानं शिमग्याला पाटलाचं बाजलं होळीत टाकलं होतं. हसलं आख्खं गाव, तहानली मात्र एकट्या भुजंगाची मेंढरं. कोकरं माना टाकू लागली. निजामाच्या राज्यात पाटलावर तक्रार ऐकणार तरी कोण?

पण पाटलाच्या फेट्याखाली गजकर्ण झालंय, हे भुजंगाला पक्कं ठावं होतं. एवढ्या उन्हात फेटा न काढणारा माणूस काय उगंच घामाघूम बसंल? आन पोरीचं लगीन तोंडावर आलेलं. मांडवात शिरड शहापूरचा व्याही चार माणसांदेखत जुना फेटा उतरवणार, नवा बांधणार.

गजकर्णावर औषध म्हंजे गोंडाळ. तळ्यावर कोबीच्या गड्ड्यासारखं तरंगतं ते. भुजंगाची बायको सिंधूबाई ते वाळवून जाळायची आन राख करडीच्या तेलात कालवून लावायची. पण धनगराच्या दारात मागायचं कसं? पाटलानं आपला गडी देवला पाळतीवर ठेवला.

भिंतीवरून देवलाचं मुंडासं दिसलं तशा भुजंगाच्या पोटात गुदगुल्या झाल्या. त्यानं पाट्यावर गोंडाळ म्हणून अंबाडीचा पाला वाटला, आपल्या टकलावर चोळला आन बायकोला मोठ्यानं म्हणला, "गोंडाळाचा कच्चाच रस लागतो गं. राख निस्ती लोकांना दाखवायला."

देवलानं तळं खरवडून काढलं. रसापुरतं ठेवून बाकीचं गोंडाळ शेणखड्ड्यात पुरलं, भुजंगाला काडी मिळू नये म्हणून. कच्च्या रसानं पाटलाच्या डोक्याला अशी आग लागली की फेटा ठरंना. आता राख उरली ती सिंधूबाईच्या मडक्यातली, आधीच करून ठेवलेली.

पाटील भुजंगाकडं मागल्या दारानं आला. "भुजंग्या, राख काढ. न्हाई तर झाडाला उलटा टांगीन."

"टांगा की पाटील. व्याही आले की माझी उलटी मुंडी बघतील आन तुमची सुलटी."

पाटलानं दात खाल्ले. काटे बाजूला झाले. रोज मेंढरं पाणी पिऊन वर आली की मगच चिमूटभर राख पाटलाच्या घरी जायची. लग्नात व्याह्यानं फेटा उतरवला तवा पाटलाचं डोकं बऱ्यापैकी साफ होतं.

वरात निघाली, आन दुसऱ्या सकाळी काटे परत जाग्यावर.

भुजंग भांडला न्हाई. देवलाला म्हणला, "पाटलाला सांग, औषध मधीच सोडलं तर गजकर्ण परत उठतं. निम्मं मडकं आमच्याकडंच हाय. आन धाकट्या पोरी अजून उजवायच्या हायत न्हवं?"

उन्हं चढायच्या आत पाटील स्वतः काठीनं काटे ओढून राहिला होता, भुजंगाच्या सात पिढ्या उद्धरत. मेंढरं पाण्यात तोंडं घालून उभी. समोरच्या बांधावर भुजंग बसलेला. एकेका शिवीला, काही खाजत नसताना, आपलं टक्कल निवांत खाजवत.