पाणपोईवर देव बसवला त्याची गोष्ट

चिंचपोकळीच्या नाक्यावर, आमच्या चाळीला लागूनच, एक दगडी पाणपोई होती. चार खांब, वर घुमटी, मधोमध गाईचं तोंड आणि त्यातून पाण्याची धार. खाली बैलांसाठी हौद, आणि घुमटीच्या कडेला चिमण्यांसाठी वाटीएवढा खळगा. कुणा शेटजीनं मेलेल्या लेकीच्या आठवणीला बांधली, एवढंच म्हातारी माणसं सांगत.

तिला रोज सकाळी घासायच्या त्या सुंदराबाई. गिरणीत तीस वर्षं सुताची बॉबिनं भरून झालेली ही बाई नारळाची शेंडी नि राख घेऊन बसायची आणि हात चालला की गळाही चालायचा:

दगडाची माझी गाय, न्हाई खात चारापाणी
हिच्या धारेखाली बाई, उभी गिरणीची राणी

लहानपणी याच तोटीला हात लावायची त्यांना मुभा नव्हती. पाण्यावर बसलेला माणूस उंचावरून धार सोडायचा. निम्मं पाणी ओंजळीत, निम्मं परकरावर. छप्पन सालच्या दसऱ्याला त्या नागपूरला जाऊन बुद्धाच्या धम्माची दीक्षा घेऊन आल्या आणि दुसऱ्याच सकाळी पाणपोईवर येऊन बसल्या. कुणी बोलावलं नव्हतं, आणि अडवायची कुणाची छाती झाली नाही.

चैत्रात एका खांबावर सरकारी कागद चिकटला. आमच्या चाळीच्या समितीचे अध्यक्ष बाबुराव हौदाच्या काठावर चढून वाचू लागले. बाबुरावांचा आवाज असा, की लालबागेत शिंकले तर परळची मांजरं उठावीत.

"रस्ता रुंद करण्याच्या कामी या हद्दीतील जुन्या पाणपोया हटविण्यात येतील. तथापि..."

"पाणपोई राहिलीच पाहिजे!" खालून कुणीतरी ओरडलं.

झालं! संयुक्त महाराष्ट्राचे दिवस ते. घोषणा कानावर पडली की तोंड आपोआप उघडायचं. "राहिलीच पाहिजे!" शंभर गळे गरजले. बाबुरावांनी कागद उपटला, हवेत नाचवला, आणि तो नाचवतच मोर्चा भारतमाता टॉकीजपर्यंत जाऊन आला. कागद वाटेत कुठंतरी पडला. 'तथापि'च्या पुढं काय लिहिलंय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शनिवारी साहेब पाहणीला येणार, एवढंच शिपाई सांगून गेला.

संध्याकाळी जिन्याखाली बैठक बसली.

"सोपं आहे," बाबुराव म्हणाले. "देव बसवायचा. देवाला हात लावायची कुणाची टाप आहे?"

सगळ्यांच्या माना डोलल्या. सुंदराबाई उभ्या राहिल्या.

"बाबुराव, तुमच्या देवाशी माझं भांडान न्हाई. पर देव बसला की पुजारी बसंल. पुजारी बसला की रांग लागंल. आन रांगंत आमचा नंबर कितवा, ते मला ठावं हाय."

"अहो सुंदराबाई, आता काय तसं राहिलंय का?"

"ऱ्हायलं न्हाई म्हनून तर घासती. पाणपोई ऱ्हाऊ द्या, पर पान्याची ऱ्हाऊ द्या."

हात वर झाले. देवाच्या बाजूनं सगळे, सुंदराबाईंच्या बाजूनं एकट्या सुंदराबाई. शेजारच्या कौसल्यानं अर्धा हात वर केला होता, पण नवऱ्यानं बघितल्यावर त्याच हातानं तिनं अंबाडा सारखा केला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गाईच्या तोंडाखाली एक शेंदूर माखलेला, गोल गुळगुळीत देव अवतरला. बाबुराव म्हणाले, स्वप्नात आला होता. कोणता देव, हे मात्र स्वप्नात नीट दिसलं नाही म्हणाले. त्याच दिवसापासून कौसल्या घराघरात विचारत फिरत होती, "माजो वरवंटो खंय गेलो गो? मसालो कशार वाटू?"

देव बसला खरा, पण वरून धार. तासाभरात शेंदूर ओघळायला लागला. मग बाबुरावांनी तोटी बंद केली आणि वर फडकं बांधलं.

चार दिवसांत जे व्हायचं ते झालं. नारळाच्या करवंट्यांनी मोरी तुंबली. हौद सुकला. बैल यायचे, कोरडा दगड चाटायचे आणि बाबुरावांकडं बघायचे. कुठून तरी एक पुजारी येऊन बसला नि म्हणाला, "चपला लांब काढा." गिरणीतून सुटलेली माणसं सुकल्या तोंडानं यायची, देवाला हात जोडायची आणि इराण्याकडं चहा प्यायला जायची. सुंदराबाई रोज सकाळी शेंडी घेऊन यायच्या, देवाभोवतीचा दगड तेवढा घासायच्या आणि गप्प घरी जायच्या. ओवी बंद.

शनिवारी साहेब आले. चिंतामणराव नाव, गिरगावातल्या जुन्या घराण्यातले. काळा कोट, हातात छत्री. आधी त्यांनी बूट काढून देवाला नमस्कार केला. बाबुरावांनी विजयी मुद्रेनं आमच्याकडं पाहिलं.

"देवाची मुळीच काळजी करू नका," साहेब म्हणाले. "आम्ही त्याला वाजतगाजत पलीकडे नेऊ. छानशी देवळी बांधून देऊ."

टाळ्या पडल्या. टाळ्या विरल्यावर बाबुरावांनी विचारलं, "आणि पाणपोई?"

"ती पाडायची. बंद आहे ना? तुम्ही नोटीस वाचली असेलच. 'तथापि, ज्या पाणपोया चालू वापरात आहेत त्या जागीच ठेवून रस्ता वळविण्यात येईल.' इथं पाण्याचा टिपूस दिसत नाही."

बाबुरावांनी बाह्या सरसावल्या.

"चालू आहे साहेब! आत्ता सोडतो!" ते तोटीकडं धावले आणि थबकले. खाली देव. देवावर शेंदूर. पुजारी डोळे वटारून. बाबुरावांनी समितीच्या शामरावांकडं पाहिलं, शामरावांनी राजारामकडं, राजारामनं आभाळाकडं. शेवटी सगळ्यांच्या नजरा सुंदराबाईंवर येऊन टेकल्या.

"सुंदराबाई," बाबुराव हळूच म्हणाले, "तुमचा काही या देवाशी... म्हणजे तुम्ही जरा तोटी..."

सुंदराबाईंनी पदर खोचला.

"आता माझा हात चालतो व्हय?"

बाबुरावांनी नुसतं तोटीकडं बोट दाखवलं.

"म्या कुनाच्या देवावर पानी सोडायची न्हाई. उद्या माझ्यावर बोट नको. तुम्ही बशिवला, तुम्ही उचला. मग बघती."

बाबुराव पुढं होईनात. इतक्यात गर्दी सारून कौसल्या आली. ओणवी झाली, देवाला निरखलं, त्याच्या टवका उडालेल्या टोकावर बोट फिरवलं.

"अगो बाये माझ्या! हो देव? हो माजो वरवंटो! चार दिस मी मसाल्याशिवाय माशाचा कालवण करतंय, नि हो हय नारळ खाता!"

तिनं वरवंटा काखोटीला मारला. पुजाऱ्यानं आपली पिशवी उचलली आणि नमस्कार न घेताच गेला.

सुंदराबाईंनी फडकं सोडून तोटीला हात घातला. हलेना. दोन्ही हात घातले. गाईच्या पोटात गुरगुर झाली, खोकला आला, लाल पाणी आलं, आणि मग स्वच्छ, थंड धार.

"एकदा तोटी सोडली म्हणजे वापर होत नाही," साहेब म्हणाले.

ते वाक्य पुरं होतं न होतं तोच साडेतीनचा भोंगा झाला. गिरणीचं फाटक उघडलं. तहानलेली माणसं बाहेर पडली, आणि पाण्याचा आवाज त्यांच्या कानी गेला. पुढच्या क्षणी साहेबांची छत्री एकीकडं, साहेब खांबाला चिकटलेले, आणि चहूकडून ओंजळीच ओंजळी. "सरका सायेब, भिजाल!" म्हणत माणसं पीत होती, डोक्यावर घेत होती, एकमेकांना उडवत होती.

साहेबांचा कोट चिंब झाला. सुंदराबाईंनी तांब्या भरला.

"वंजळ करा सायेब. उनातनं आलाय."

साहेब क्षणभर घुटमळले. मग त्यांनी ओंजळ पुढं केली. सुंदराबाईंनी तांब्या उंच धरला नाही. ओंजळीला टेकेल इतका खाली आणला आणि सावकाश ओतला. थेंबसुद्धा सांडला नाही. साहेब प्यायले. पुन्हा ओंजळ पुढं केली.

मग त्यांनी ओल्या वहीत लिहिलं, 'चालू'. आणि विचारलं, "देखभाल कोण करतं?"

"आमची समि..." बाबुरावांनी सुरुवात केली, आणि कौसल्यानं वरवंटा या काखेतून त्या काखेत घेतला. बाबुराव म्हणाले, "सुंदराबाई करतात."

"समितीबी लिवा," सुंदराबाई म्हणाल्या. "यवढा दगूड एकटीनं किती घासू? आता पाळ्या लावनार हाय. पयली पाळी अध्यक्षांची."

रविवारी सकाळी बाबुराव धोतर खोचून हौदात उतरले. करवंट्या काढल्या, शेवाळ खरवडलं. निम्मा हौद घासून होतोय तोवर एक बैलगाडी येऊन उभी राहिली. बैलानं मान खाली घातली आणि बाबुरावांच्या मानेवर गरम श्वास सोडला.

"सुंदराबाई, याला जरा थांबवा हो!"

"त्यो चार दिस थांबला व्हता," सुंदराबाई म्हणाल्या, आणि तोटी सोडून ओवी धरली.