हिलालभाऊंच्या घरातलं नाताळचं झाड

जगात टाकाऊ असे काहीच नाही. टाकाऊ असते ती फक्त माणसाची नजर.

हे थोर वाक्य पर्वत पाटियाजवळच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत, डिसेंबरातल्या एका सकाळी, प्रिन्सिपल मॅडमनी माइकवरून इंग्रजीत उच्चारलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, कारण टाळ्यांनंतर भाषण संपतं असा त्यांचा अनुभव होता. रंजनानेही वाजवल्या. संध्याकाळी लिंबायतला घरी पोचल्यावर तिला कळलं की वाक्य अक्षरशः खरं आहे, आणि तीच पंचाईत आहे.

रंजना म्हणजे आमच्या गल्लीतल्या हिलालभाऊंची थोरली. हिलालभाऊ लूमच्या कारखान्यात कारागीर, मूळ अमळनेरकडचे. गल्लीतली पहिली बी. ए. रंजना. त्या शाळेत ती शिकवायची, पण टेंपररी. टेंपररी बाई आणखी एक होत्या आणि कायमची जागा एकच. नाताळच्या आदल्या दिवशी ट्रस्टी बन्सीलालशेठ येणार, दोघींनी आपापल्या वर्गात नाताळचं झाड सजवून दाखवायचं, शेठना जिचं पसंत पडेल ती कायम. मुलं शिकतात की नाही हे बघायला वेळ लागतो, झाड एका नजरेत दिसतं. अट एवढीच की विकतचं काही नको, सगळं घरातल्या टाकाऊ वस्तूंचं हवं.

रस्त्यावर काही सापडलं असतं, पण प्लेगच्या धसक्यानंतर महापालिकेने सुरत अशी झाडून काढली होती की कचरा बघायला गावी जावं लागे. म्हणून रंजनाने घरात शोधायला सुरुवात केली.

खिडकीत एक रिकामी काचेची बाटली होती. तिने ती उचलली.

"ठेव तठे!" चुलीकडे तोंड करून बसलेल्या प्रमिलाबाई म्हणाल्या. प्रमिलाबाई म्हणजे रंजनाची आई. घरातली वस्तू हलली की त्यांना पाठीतून कळे. "ते मनं लाटणं शे."

"मग लाटणं कुठंय?" रंजना चिडली की शाळेतलं मराठी बोलायची.

"लाटणानी मोगरी करी. धुणं कशावरी बडवू?"

"आणि मोगरी?"

"ती दारले आडी लायेल शे. कडी कोठे शे दारले?"

"कडीचं काय झालं?"

"कडीना तुना बापनी हूक कया," असं म्हणून प्रमिलाबाईंनी तिच्या हातातून लाटणं, म्हणजे बाटली, घेऊन वर आढ्याकडे केली.

आढ्याला कडी होती आणि कडीला एक छत्री उलटी टांगलेली होती. छत्रीचं कापड फार पूर्वीच दळणाची पिशवी झालं होतं. उरलेल्या काड्यांवर मोजे, रुमाल आणि हिलालभाऊंची बनियन वाळत होती. रंजना बघतच राहिली. छत्री सुलटी करून अर्धवट मिटली तर झाडच होतं की ते!

"माय, मला ही छत्री पाहिजे."

"मंग बनियन कोठे वाळाडू? तुना झाडवर?"

बरीच हुज्जत झाली. शेवटी छत्री मिळाली, पण नाताळच्या दिवशी दुपारपर्यंत परत, या बोलीवर. पुढे हीच रीत पडली. घरातली प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या नोकरीत कायम होती. रंजनाला ती फक्त रजेवर मिळे. हिरवी जुनी साडी गोधडीसाठी राखलेली होती, ती फाडायची नाही या अटीवर काड्यांभोवती गुंडाळायला मिळाली. बांगड्यांचा जोड मिळाला, तोही एक बांगडी फुटली तर बघ, या धमकीसकट. फ्यूज गेलेले बल्ब तिने दोऱ्याने बांधायला घेतले, तर हिलालभाऊ कामावरून येऊन दारातच थबकले.

"बल्ब कशाला घेतले?"

"आबा, गेलेत ते."

"गेलेत म्हणजे काय? हलवले की तार चिकटते. मागच्या दिवाळीला एक चिकटला होता."

"किती वेळ चालला?"

"ते महत्त्वाचं नाही," हिलालभाऊ गंभीरपणे म्हणाले. "चिकटला होता."

पण बाप तो बाप. भजनाच्या ज्या कॅसेटची टेप बाहेर येऊन गुंतली होती, जी पेन्सिल घालून फिरवली की पुन्हा गाईल असं ते वर्षभर म्हणत होते, ती त्यांनी स्वतःहून लेकीपुढे ठेवली. तपकिरी टेप दिव्याखाली चांगली चमकली. रंजनाने ती झाडाभोवती फिरवली आणि हिलालभाऊ भिंतीकडे तोंड करून बसले.

राहिला वरचा तारा. ताऱ्यासाठी पत्रा हवा. घरात पत्र्याचा एकच डबा आणि त्यात तुळस. रंजना रडकुंडीला आली. तेव्हा प्रमिलाबाईंनी खाटेखालून एक नारळ काढला. कुठल्याशा पूजेतला, आत खवट झालेला. देवाचा म्हणून टाकताही येत नव्हता आणि वासामुळे चटणीही होत नव्हती. संपूर्ण घरात बेकार असा तो एकटाच. "ले," त्या म्हणाल्या. "पन फोडू नको."

नारळाचा तारा होत नाही, पण सांताक्लॉज होतो. रंजनाने काजळाने डोळे काढले, उशीतला कापूस काढून दाढी चिकटवली, आपली लहानपणीची लाल कुंची वर चढवली आणि नारळ छत्रीच्या टोकावर बसवला. उद्या शाळेतून आल्यावर झाड बांधून ठेवू, परवा सकाळी रिक्षाने नेऊ, असं ठरवून ती समाधानाने झोपली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत असताना शेजारच्या वत्सलाबाई विरजण मागायला आल्या.

इथे एक सांगायला हवं. खानदेशी माणूस सुरतेत आला तरी कानबाईला गावी ठेवून येत नाही. ही देवी श्रावणात घरी बसते. ती असते नारळाची. तिला डोळे काढतात, साडी नेसवतात, बांगड्या घालतात, आणि दुसऱ्या दिवशी बायका तिला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीला पोचवतात. आता वत्सलाबाईंनी उंबऱ्यातून काय पाहिलं? हिरवी साडी, बांगड्या, लाल कुंची आणि त्यातून रोखून बघणारा नारळ. दाढी त्यांनी पाहिली, पण तो कापसाचं वस्त्र वाहिल्यासारखा काहीतरी प्रकार असावा असं त्यांना वाटलं. विरजणाची वाटी खाली ठेवून त्यांनी हात जोडले.

"प्रमिलामाय, आवंदा मार्गशीर्षमा बसाडी कानबाई?"

प्रमिलाबाई खरं सांगणार होत्या. पण वत्सलाबाईंनी स्वतःच उत्तर शोधलं. "पोरनी नोकरीना नवस व्हई!" आणि त्या हळदीकुंकू आणायला घरी गेल्या.

हळदीकुंकू घेऊन दारात आलेल्या बाईला परत पाठवायचं कसं, हे प्रमिलाबाईंना कोणी शिकवलं नव्हतं. दुपारपर्यंत गल्लीतल्या सगळ्या बायका येऊन गेल्या.

संध्याकाळी रंजना परतली तेव्हा झाडापुढे समई होती, ओटीच्या तांदळाचा ढीग होता, सांताक्लॉजच्या कपाळावर बोटभर कुंकू होतं आणि दाढीच्या वर, नाकाच्या जागी, नथ होती.

"माय! हे काय केलंस?"

"मी काय कयं? बाया उनात."

"अगं, तो सांताक्लॉज आहे! पुरुष आहे तो!"

"मंग तुनी त्याले साडी कशाले नेसाडी?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

रंजना नथ काढायला गेली, तर दारातल्या बायकांनी एकदम "हां हां!" केलं. वत्सलाबाई पुढे झाल्या. "देव बसना का मंग हात लावता येत नही बाई. सकाळी वाजाडत नदीवर लई जावानी, बस."

"मला उद्या शाळेत न्यायचंय हे. नाहीतर जागा गेली माझी!"

"मंग शाळावरतीन लई जाऊत."

"तापी त्या बाजूला, शाळा या बाजूला!" रंजना ओरडली.

"देवीले काय रिक्षानं भाडं पडस का?" वत्सलाबाई म्हणाल्या, आणि सभा संपली.

रंजनाने त्यांना समजावलं, हात जोडले, शेवटी कोपऱ्यात बसून ओढणी चावली. हिलालभाऊ तिच्याजवळ येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "एक बरं झालं. बल्ब कोणी हलवला नाही."

सकाळी लिंबायतहून पर्वत पाटियाच्या दिशेने नाताळचं झाड निघालं. पुढे डफ, मागे गाणी म्हणणाऱ्या बायका, मधे अनवाणी प्रमिलाबाई आणि त्यांच्या डोक्यावर पाटात रोवलेली छत्री. रंजना दहा पावलं मागे, ओळख नसल्यासारखी चालत होती. चौकात रिक्षावाले थांबून नमस्कार करत होते. एकाने झाडावर फूल टाकलं, तेही टेपमध्ये अडकून बसलं.

शाळेच्या फाटकात प्रिन्सिपल मॅडम उभ्या होत्या. त्यांचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला, म्हणजे नाताळला शोभेल असाच होता.

"मिस रंजना, व्हॉट इज धिस?"

"ख्रिसमस ट्री, मॅडम," रंजना म्हणाली. डफ थांबायला तयार नव्हता, म्हणून तिला हे तीनदा ओरडून सांगावं लागलं.

त्याच वेळी शेठची मोटार आली. शेठ खाली उतरले. ते आधी दुसऱ्या बाईंचं झाड बघणार होते. कतारगामच्या हिऱ्यांच्या रिकाम्या पुड्यांची पांढरी-निळी फुलं केलेलं ते झाड खरोखर सुरेख होतं, मीही पाहिलंय. पण वाटेत ही गर्दी. शेठनी अनवाणी बायका पाहिल्या, नारळावरचं कुंकू पाहिलं, आणि सवयीने बूट काढले. हात जोडून त्यांनी सांताक्लॉजला नमस्कार केला.

"बेन, आ बधुं टाकाऊमांथी बनाव्युं?" त्यांनी रंजनाला विचारलं.

आणि इतके दिवस दाबलेलं सगळं बाहेर आलं. "नाही शेठ! यात टाकाऊ काहीही नाही! छत्री उद्या दुपारी परत द्यायचीय, तिच्यावर बनियन वाळते. साडीची गोधडी व्हायचीय. बल्ब आबा हलवणार आहेत. उशीतला कापूस गेल्यापासून माझी मान धरलीय. एक नारळ तेवढा टाकाऊ होता, तर त्याचा देव झाला! मी रात्री बसून हे झाड केलं शेठ, झाड! कोणी झाड म्हणून बघतच नाही!"

शेठ शांतपणे ऐकत होते. मराठी त्यांना निम्मं कळत होतं. त्यांचं लक्ष बायकांकडे होतं. "आ बधी कोण छे?"

वत्सलाबाई पुढे झाल्या. "आम्ही लिंबायतवाल्या. रंजनाबाई इथं पक्की झाली तर जूनमध्ये आमची सगळी पोरं याच शाळेत टाकू."

बन्सीलालशेठ कापडाचे व्यापारी होते. त्यांनी बायकांच्या रांगेवरून एकदा नजर फिरवली, मग ते मॅडमकडे वळले. "आ बेनने कायम करी दो. आजथीच."

डफ पुन्हा सुरू झाला. बायकांनी कानबाईचा जयघोष केला. "नवस पावना!" प्रमिलाबाई डोळे पुसत म्हणाल्या, आणि झाडावरच्या एकाही बांगडीबद्दल, एकाही काडीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. रंजना कायम झाली होती आणि तिला रडावं की ओरडावं ते कळत नव्हतं.

शेठ गेले. मिरवणूक नदीकडे वळायला लागली. तेवढ्यात कोणीतरी रंजनाची ओढणी ओढली. प्रिन्सिपल मॅडम होत्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, घसा खाकरला आणि पहिल्यांदाच मराठीत, अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या,

"रंजनाबेन, पाण्यात सोडायच्या आधी तिला तेवढं आमच्या टेलिफोनचं सांगा ना. अर्ज कधीचा करून ठेवलाय."