मुठीतला फुगा

मी एक जुना फुगा आहे. वाढदिवसाला भिंतीवर लावतात तो नव्हे, मित्रांनो. मी जाड रबराचा, लिंबाएवढा, राखाडी फुगा. एमआरआयच्या खोलीत माझे आयुष्य गेले. माझ्या शेपटाला एक लांब नळी होती. ती भिंतीतून पलीकडच्या खोलीत जात असे. मला दाबले की नळीतली हवा पळत जाई आणि तिकडे घंटा वाजे. घंटा वाजली की यंत्र चालवणारी ताई धावत येई.

माझा जन्म एका कारखान्यात, साच्यातून झाला. मला मोठे घर मिळाले म्हणून मी आनंदात होतो. आमच्या खोलीतले यंत्र म्हणजे भलाथोरला लोहचुंबक, मधोमध बोगदा असलेला. त्याला बघायला डॉक्टर येत आणि तोंडभर कौतुक करत. लोखंड दिसले की त्याच्या तोंडाला पाणी सुटे, म्हणून पेशंटच्या अंगावरची अंगठी, पिना, घड्याळ, किल्ल्या सगळे बाहेर काढून ठेवत. मी पडलो रबराचा. त्याने माझ्याकडे एकदाही ढुंकून पाहिले नाही.

पेशंट आला की ताई त्याला सरकत्या फळीवर झोपवी, कानांत बोळे घाली. "आत ठकठक, धडधड असा मोठा आवाज होईल, पण यंत्र अंगाला हातही लावत नाही. तुम्ही फक्त हलू नका. बोगदा दोन्ही बाजूंनी उघडा आहे, आत उजेड आहे, वारा आहे. आणि काही वाटलंच तर हा फुगा दाबा." असे म्हणून ती मला त्याच्या मुठीत देई. मग फळी आत सरके, आणि अर्धा तास तो माणूस आणि मी, दोघेच उरत असू.

मित्रांनो, मला धरतात तितके घट्ट कुणी कुणाला धरत नसेल. घामेजलेले हात, गार पडलेले हात, थरथरणारे हात, सगळे मला ठाऊक आहेत. पण फळी बाहेर आली की मूठ उघडे आणि मी परत हुकावर. पेशंट छताकडे बघत असे, त्यामुळे मुठीत काय होते हे त्याने पाहिलेलेही नसे. त्यातून बहुतेक जण मला दाबतच नसत. मी वाजलो नाही तर दिवस चांगला गेला, असे ताई म्हणे. मला मात्र फार एकटे वाटे.

एके दिवशी एक मावशी आल्या. पाठीच्या दुखण्याने त्या वाकल्या होत्या. सोबत आलेली लेक बाहेर बसली. मावशींनी हयातभर दवाखान्यात आया म्हणून काम केले होते. पेशंटची घंटा वाजली की उठून जायचे, हीच त्यांची नोकरी.

"काही जण सारखी वाजवायचे," त्या ताईला सांगत होत्या. "एकाची उशी सरकली, एकाला पाणी हवं. आम्ही कपाळाला हात लावायचो, आली कटकट! मी नाही हो कुणाला त्रास देणार."

"अंगावर धातूचं काही आहे का? पट्टी वगैरे लावलीय कुठे?" ताईने विचारले.

"पट्टी कशाला? जखम नाही कुठे."

मावशींना पट्टी म्हणजे जखमेची, एवढेच माहीत. सकाळीच लेकीने त्यांच्या खांद्यामागे औषधाची चिकटपट्टी लावली होती, तिच्यात धातूचा पातळ पापुद्रा होता, आणि यंत्र चालू झाले की असा धातू तापतो. वरून दवाखान्याचा सैल अंगरखा, त्यामुळे ती ताईलाही दिसली नाही.

यंत्र धडधडू लागले. थोड्या वेळाने मावशींची बोटे माझ्याभोवती आवळली. आवाज जरा थांबला तेव्हा त्या पुटपुटल्या, "खांदा भाजतोय गं बाई."

दाबा! मी मनात ओरडलो. त्याचसाठी तर मी आहे!

तेवढ्यात स्पीकरमधून ताईने विचारले, "मावशी, ठीक आहात ना?"

"हो हो, एकदम झकास!"

पुन्हा धडधड सुरू झाली. आता तर मावशींनी मला सोडूनच दिले. चुकून दाबला जाऊ नये म्हणून असेल. मी त्यांच्या पोटावर पडून राहिलो. त्यांचा श्वास भराभर वरखाली होत होता. इतके जवळ असून मला काहीच करता येत नव्हते. मला रडायला आले, पण रबराला कसले आलेय रडणे!

आवाज मध्येच बंद झाला. "मावशी, पाय हलतोय तुमचा. काही होतंय का?"

"नाही हो. तुमचं चालू द्या."

ताई म्हणाली, "बरं, माझं एक काम कराल? तो फुगा जरा दाबून दाखवा. चालतो की नाही बघायचंय मला."

काम म्हटल्यावर मावशींचा हात लगेच पुढे आला. त्यांनी मला चाचपडत शोधले, दाबले, आणि मग सोडलेच नाही. पलीकडे घंटा वाजतच राहिली.

ताई धावत आली. फळी बाहेर ओढली. पट्टीखाली लालभडक चट्टा उठला होता. तिने पट्टी काढली, ओले फडके ठेवले, डॉक्टरांना बोलावले. भाजणे वरवरचेच निघाले.

"आधीच का नाही दाबलात, मावशी?"

"उगीच कशाला..." मावशींचे डोळे भरून आले. "कुणी बोलावलं की जायचं, एवढंच येतं हो मला. आपण बोलवायचं कसं, ते नाही जमत." मग डोळे पुसून त्यांनी विचारले, "फुगा बिघडला होता का?"

"छे! तो बरा बिघडेल?" ताई म्हणाली. मित्रांनो, जन्मात मला मिळालेली तेवढीच शाबासकी.

चट्टा निवल्यावर उरलेली तपासणी झाली. जाताना मावशींनी जुन्या सवयीने मला पुसले, नळी गुंडाळली आणि हुकावर अडकवले. त्याआधी डोळ्यांसमोर धरून नीट पाहिले. मला असे पाहणाऱ्या त्या एकट्याच.

आता माझ्या रबराला चिरा पडल्या आहेत. नळी कापून मला बिनकामाच्या वायरींबरोबर खणात टाकले आहे. इथे अंधार आहे आणि कुणाची मूठ नाही. हुकावर नवा फुगा आला आहे. त्याचे बरे चालले असावे.

तुम्ही कधी तपासणीला गेलात तर अंगावर काय काय आहे ते सगळे सांगा, आणि काही झाले तर खुशाल फुगा दाबा. कुणी रागावत नाही. पण तुमच्या घरीही एखादी आजी किंवा आत्या असेल. काही होतंय का विचारले की "मला काय धाड भरलीय!" म्हणणारी. तिला पुन्हा पुन्हा विचारू नका. शेजारी बसा, हात पुढे करा आणि म्हणा, "जरा माझा हात दाबून दाखव बरं, किती जोर आहे बघू." आणि ती सोडत नाही तोवर उठू नका.