आबासाहेब वारले

मालिकावाल्यांनी काटकसर सुरू केली ती चहापासून. मंग स्वयंपाकघराचा सेट मोडला आन् सगळं घराणं दिवाणखान्यातच भांडू लागलं. शेवटी माणसं कमी करायची पाळी आली, तेव्हा देवानंद मालिकेत ज्याचं काम करायचा त्या आबासाहेबाला सरळ हार्ट अटॅकच आणला. बरं, मेल्यावर फोटोला हार तरी खरा घालावा? तोही प्लास्टिकचा! असले चिकट लोक.

देवानंद बॅग उचलून मुंबईहून कुंभार पिंपळगावला आला आन् मायला म्हणाला, "सुट्टी हाये." खरं सांगायची त्याची छातीच होईना. लेक टीव्हीत दिसतो म्हणून नंदाबाई बाजारात ताठ मानेनं फिरायची. काम गेलं हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं?

पण मालिका काय कोणासाठी थांबते? त्या संध्याकाळी गल्लीतल्या बायका नेहमीसारख्या नंदाबाईच्या घरी जमल्या, आन् पडद्यावर आबासाहेबानं मान टाकली. झालं! कौसल्याकाकूनं हंबरडाच फोडला. बाकीच्याही पदर डोळ्याला लावून मुसमुसू लागल्या. खुद्द आबासाहेब मागं खाटेवर बसून चहा पिऊन राह्यला होता, त्याची कोणाला फिकीर?

"माय, बंद कर ना टीव्ही," देवानंद कळवळून म्हणाला. पोटच्या पोराचं मरण बघून मायला काय वाटत असंल, या विचारानं त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

नंदाबाई मात्र गालात हसत होती. "रडा गं बायांनो, मोकळं रडा! शाळेत असताना याच्या डोक्याला कावळा शिवला. अपशकुन टळावा म्हणून आम्ही याच्या मामाला खोटा सांगावा धाडला, भाचा गेला म्हणून. एकटा मामा ढसाढसा रडला, तर पोरगं इतकं जगलं. आता तर अख्खा महाराष्ट्र रडून राह्यला!"

हे ऐकून कौसल्याकाकूनं नाक पुसलं आन् नव्या दमानं सूर लावला.

बायका गेल्या तसा देवानंद मायजवळ येऊन बसला. "माय, सुट्टी न्हाई. त्यांना खर्चा परवडंना, मला काढलं. काम गेलं माझं."

नंदाबाईचा चेहरा जरासा उतरला. मंग तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, बराबर कावळा शिवला होता तिथंच.

"जाऊ दे की. आत्ताच एवढं आयुष्य वाढवून घेतलं तुझं, त्यात दुसरं काम न्हाई भेटणार व्हय? ऊठ, जेवून घे."