तह कोणाशी

सन दोन हजार तेवीस, मे महिन्याची तेरा तारीख, शनिवार, सकाळचे दहा वाजून दहा मिनिटे. जमैका बेटाच्या पश्चिमेस, सेंट एलिझाबेथ परगण्यातील क्वाकू हिल या डोंगरगावची शाळा. एवढे कागदाच्या माथ्यावर लिहून ऑस्बर्न हगिन्स यांनी खाली पट्टी धरून रेघ मारली, आणि मगच मान वर केली.

समोरच्या बाकांवर गाव बसले होते. फळ्याच्या बाजूला, तेथल्या एकमेव खुर्चीवर, किंग्स्टनहून आलेल्या वकीलबाई अल्थिया बर्क बसल्या होत्या. इंग्लंडचा राजा देशाचा प्रमुख म्हणून यापुढे असावा की नसावा, जमैकाने प्रजासत्ताक व्हावे की होऊ नये, हे विचारत गावोगाव फिरणाऱ्या समितीने त्यांना पाठवले होते. त्यांच्यापुढे आवाज टिपून घेणारे एक लहानसे यंत्र होते. खालच्या फाटकाशी पाहुण्यास आत घेणारे शिंग वाजेपर्यंत त्या गाडीतून उतरल्या नव्हत्या, ही गोष्ट त्या शाळेत पोचण्याआधीच गावभर झाली होती.

"मास्तर, अकरा पानं?" गावाने निवडलेले प्रमुख, कर्नल व्हिवियन पेनंट, वाकून म्हणाले. कर्नल ही पदवी. पोटासाठी ते मिनीबस चालवत. "बाईंना उजेडात घाट उतरायचाय."

"तह पंधरा कलमांचा आहे. अकरा पानांत मावला, हेच पुष्कळ."

"शाळेतसुद्धा तुमचं हेच. घंटा होऊन जायची, वाक्य चालूच."

"तुला घंटा कधी ऐकू आली, व्हिवियन? तू झोपलेला असायचास."

बाकांवर हशा पिकला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला उभे राहिले.

या अकरा पानांवर त्यांनी तीन वर्षे घालवली होती. उसाच्या मळ्यांतून पळून या डोंगरांत आलेल्या त्यांच्या पूर्वजांना इंग्रजांची फौज जिंकू शकली नाही, तेव्हा दोनशे चौऱ्याऐंशी वर्षांपूर्वी तिने त्यांच्याशी तह केला. त्या तहाने गावाला पंधराशे एकर जमीन मिळाली. ती कोणा एकाच्या नावे नाही, तिच्यावर कर नाही, ती विकता येत नाही. पलीकडच्या डोंगरावर बॉक्साइटच्या तांबड्या खाणी दर वर्षी थोड्या अलीकडे सरकत होत्या, आणि त्यांच्या आड आजवर दुसरे काही नाही, एक तहच उभा होता. हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. परंतु तहाची पंधराही कलमे मुखोद्गत असलेला माणूस एकच होता, आणि राजा गेला तर तहाचे काय होणार, या प्रश्नाने ज्याची झोप गेली असा माणूसही बहुधा तो एकच.

"'राजावर प्रेम करण्याचे आम्हांस काही कारण नाही,'" मास्तर वाचत वाचत चौथ्या पानावर आले होते. "'ज्या मुकुटाखाली आमच्या पूर्वजांना साखळदंड पडले, त्याची आरती ओवाळण्यास आम्ही येथे उभे नाही. परंतु तह हा दोन पक्षांतला व्यवहार असतो. एक पक्ष आम्ही. दुसरा पक्ष मुकुट, आणि केवळ मुकुट. दुसरा पक्षच नाहीसा केला, तर उरतो तो तह नव्हे. उरते ती एका बाजूची आठवण. म्हणून आमचा प्रजासत्ताकास विरोध आहे.'"

वाक्ये एकमेकांत चोख बसत होती. चौथे पान संपले तेव्हा वकीलबाईंनी हात पुढे करून यंत्र बंद केले.

"मास्तर, जरा थांबाल? हे मी समितीची म्हणून विचारत नाहीये. हे एकदा दाखल झालं की कायमचं झालं, म्हणून विचारते. तुमच्या मते तह फक्त मुकुटाशी झालाय?"

"अक्षरशः."

"आणि देशानं मत दिलं, मुकुट गेला. मग?"

"म्हणूनच तो जाऊ नये."

"ते तुमच्या हातात आहे? माझ्या तरी नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "उद्या एखाद्या खाणवाल्याचा वकील कोर्टात उभा राहील. त्याला काही शोधायला लागणार नाही. तो तुमचं चौथं पान वाचेल. म्हणेल, गावातला सगळ्यात जाणता माणूस स्वतःच लिहून देतोय की मुकुटाबरोबर तह संपला."

मास्तरांनी चौथ्या पानाकडे पाहिले. अक्षर सरळ होते, समास सारखा होता.

"दुसऱ्या कलमात 'आणि त्याचे वारस' असे शब्द आहेत," ते म्हणाले. "नवं राज्य हे मुकुटाचा वारस ठरतं."

"ठरतं ना? मग तुमचा विरोध कशाला?"

अडतीस वर्षे याच खोलीत याच फळ्यापाशी मास्तरांनी मुलांना अशा प्रश्नांपुढे उभे केले होते. स्वतः कधी उभे राहिले नव्हते.

"वारस म्हणावं तरी अवघड आहे," बाई म्हणाल्या. त्यांच्या स्वरात जिंकल्याचा आनंद नव्हता. "बासष्टला स्वातंत्र्य मिळालं, तेव्हा नव्या सरकारनं या तहाचं नावसुद्धा घेतल्याचं कुठे सापडत नाही. मी शोधलंय, मास्तर. मनापासून शोधलंय."

कर्नल आपल्या टोपीचा काठ चाचपत राहिले.

"तुला कुणी सांगितलं रे, तह राजाशी झाला?"

शेवटच्या बाकावरून मिस इनेज बोलल्या. त्यांचे वय एकोणनव्वद. दर जानेवारीच्या सहा तारखेला पांढऱ्या सावरीच्या झाडाखाली पूर्वजांना मद्य वाहण्याचा मान त्यांचा, आणि त्याआधी त्यांच्या मावशीचा.

"कागदावर आहे, मिस इनेज," मास्तर म्हणाले.

"कागद त्यांनी लिहिला. आपल्यात तेव्हा लिहिता कुणाला येत होतं?"

"आपल्या कॅप्टन क्वाकूंची फुली आहे त्यावर."

"फुल्या तर तूसुद्धा पोरांच्या वह्यांवर मारल्यास. म्हणून ती गणितं तुझी झाली का?" मागून कोणीतरी खुसखुसले. "तू झाडाखाली कितीदा आलास, सांग बरं."

मास्तर एकदाही गेले नव्हते. ते चर्चचे वडीलधारे. मद्याला त्यांनी जन्मात ओठ लावला नव्हता. सहा जानेवारीला झाडाखालचा विधी उरकेपर्यंत ते चर्चच्या ओसरीत बसत आणि दुपारी भाषणांना येत. तरुणपणी त्या विधीला ते अडाणीपणा म्हणत. पुढे वयाने मवाळ झाल्यावर म्हणू लागले, की गोष्ट आदरणीय आहे, परंतु पुरावा नव्हे.

"चला," मिस इनेज उठल्या. "नावं घेते."

कर्नल आडवे आले. "मिस इनेज, बाहेरच्या माणसापुढे पूर्वजांची नावं घेत नाहीत. तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

"बाहेरचं कोण? ही फाटकाशी शिंगासाठी थांबली होती ना? जी थांबते ती पाहुणी. तू मात्र परवा हॉर्न वाजवत वर आलास." मग त्या बाईंकडे वळल्या. "पोरी, ते यंत्र इथंच राहू दे. पेनसुद्धा. मास्तर, तुझंही."

मास्तरांनी पेनाला टोपण लावले आणि ते अकरा पानांवर आडवे ठेवले.

सावर शाळेपासून शंभर पावलांवर होती. तिच्या मुळांच्या भिंती माणसाच्या खांद्याएवढ्या होत्या. सगळ्यांनी जोडे काढले. मास्तरांनीही नाड्या सोडल्या आणि मोजे घडी करून जोड्यांत ठेवले. हेडली नावाच्या गड्याने गाईचे शिंग आडवे धरून फुंकले. त्या आवाजाला सूर नव्हता. डोंगरात कोणीतरी फार जुने माणूस हाक मारून उत्तराची वाट पाहत असावे, असा तो आवाज होता. तो विरला तेव्हा पाखरेही गप्प झाली होती.

मिस इनेजनी भोपळ्याच्या वाडग्यात पांढरी रम ओतली, एक थेंब मातीवर सोडला, आणि म्हणाल्या:

"क्वाकू."

मग दुसरा थेंब.

"टॉमस हार्डविक."

मास्तरांनी चमकून पाहिले. हे नाव त्यांना पाठ होते. तहाच्या तळाशी, राजाच्या वतीने सही करणारा इंग्रज कप्तान. कागदावर ते नाव क्वाकूंच्या समोर होते, दुसऱ्या बाजूला. येथे ते क्वाकूंच्या पाठोपाठ आले, आणि त्याच्यानंतर क्वाकूंची बहीण आफीबा आली, घरातली माणसे एका ओळीत जेवायला बसावीत तशी.

"त्यानं मनगट कापलं, क्वाकूंनीही कापलं," मिस इनेज वाडग्याकडेच बघत म्हणाल्या. "दोघांचं रक्त एका रममध्ये. अर्धी यांनी प्यायली, अर्धी त्यानं. राजा इथं आला नव्हता. प्यायला तो हार्डविक. त्या दिवसापासून तो या घरचा, आणि घरच्यावर हात उचलत नाहीत."

यानंतर त्यांनी काही समजावून सांगितले नाही. नावे सुरू झाली. एकेक नाव, एकेक थेंब. त्यांचा आवाज मोठा नव्हता, परंतु तो कोठे अडखळला नाही, कोठे शोधत थांबला नाही. पन्नास नावे झाली, शंभर झाली. कोणी खोकले नाही. कडेवरची लेकरेसुद्धा आईच्या मानेत तोंड घालून ऐकत राहिली. डोंगरातून दगडाआड वाहणारे पाणी जसे कोठून येते ते दिसत नाही आणि थांबतही नाही, तशी ती नावे येत होती, आणि उभ्या उभ्या मास्तरांना वाटू लागले, की आपल्या पायाखाली जमीन नाही, माणसे आहेत.

"जोसाया हगिन्स, जुबाचा मुलगा."

मास्तरांचा हात नकळत झाडाच्या मुळावर टेकला. पणजोबांच्या आईचे नाव शोधण्यासाठी ते अकरा वेळा बसने स्पॅनिश टाउनच्या दप्तरखान्यात गेले होते. तेथल्या नोंदवह्यांत त्या जागी नुसती एक आडवी रेघ होती.

जुबा. थेंब मातीत जिरला, आणि पुढचे नाव आले.

आणि मध्येमध्ये, पिढी उलटली की, परकी नावे येत. गुलामी उठली त्या वर्षी आलेला एक न्यायाधीश. पुढे एक गव्हर्नरचा माणूस. एक मोजणीदार. प्रत्येकाच्या नावापुढे मिस इनेज एकच शब्द जोडत: "प्याला." तीन तास झाले असावेत किंवा अर्धा, मास्तरांनी घड्याळ पाहिले नाही.

"सिरिल आल्वारंगा," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या ओठांच्या कडेला हसू हलले. "बासष्ट साल. किंग्स्टनच्या नव्या सरकारनं झेंडा देऊन पाठवलेला. पोरगेलासा होता. वाडगं मावशीनं धरलं होतं आणि मावशीचा हात मी धरला होता. प्याला. मग त्या दगडामागं जाऊन ओकला. पण प्याला."

वकीलबाईंचा हात पेनासाठी खिशाकडे गेला, आणि रिकामाच परत आला. त्यांनी दोन्ही हात एकमेकांत गुंतवून धरले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी पुसले नाहीत.

शेवटचे नाव गेल्या पावसाळ्यात वारलेल्या एका बाळंतिणीचे होते. ते घेऊन मिस इनेजनी वाडगे पालथे घातले.

बराच वेळ कोणाला जोड्यांची आठवण झाली नाही.

"मिस इनेज," अखेर वकीलबाई म्हणाल्या, "यातलं मी काहीच लिहून घेतलं नाही. समितीला सांगू काय?"

"सांग, राजा जायचा असला तर जाऊ दे. त्याच्या जागी जो कुणी बसेल, त्यानं बसायच्या आधी इथं यावं आणि प्यावं. दर वेळी कुणीतरी आलंय. यानंही यावं."

"एवढंच?"

"तुला आणखी पाहिजे?"

"नाही," बाई म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी मास्तरांकडे पाहिले. "हे गावाचं म्हणणं म्हणून दाखल करायचं, तर सकाळचं निवेदन मागे घ्यावं लागेल. दोन्ही एका वेळी उभी राहत नाहीत."

मास्तर अनवाणी उभे होते. एखादा मुद्दा खोडायचा असला की ते उजव्या हाताचे बोट वर करीत. ते बोट अर्धे वर आले. गाव त्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी हात खाली घेतला.

"मागे घेतलं," ते म्हणाले. "आणि मिस इनेजच्या वाक्यात 'आधी' हा शब्द आहे. तो गाळू नका. 'बसायच्या आधी.' नंतर आलेला चालणार नाही."

"गाळणार नाही."

"अकरा पानांच्या दोन ओळी झाल्या," कर्नल हळूच म्हणाले. या वेळी कोणी हसले नाही, कर्नलही नाही.

लोक शाळेकडे परतले, कारण तेथे यामचे कंद उकडून तयार होते आणि बाईंना जेवू घातल्याशिवाय सोडण्याची रीत नव्हती. मास्तरांनी टेबलावरचे कागद गोळा केले, कडा जुळवल्या. मिस इनेज शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी हात पुढे केला. मास्तरांनी कागद त्यांच्या हाती दिले. त्यांनी ते डोळ्यांपासून लांब धरून पानामागून पान पाहिले, घाई न करता, अकराही. मास्तर फळ्यापाशी थांबून राहिले.

मिस इनेजनी कागद परत केले.

"अक्षर सुरेख आहे, मास्तर," त्या म्हणाल्या. "म्हणणं चूक आहे."